पिवळी, चौकडी, निळी

टिटवी : ...आता मागे फिरणं नाही, वहिनी. भोक पडलं. होडीला भोक म्हटलं की तुझा चेहरा पडणार हे ठाऊक होतं, म्हणून न विचारताच पाडलं.

वहिनी : मी खाली केबिनमध्ये बसलेय. माझा चेहरा तुला दिसतोय कुठे?

टिटवी : दिसतोय की, भोकातून. एक डोळा आणि अर्धी भुवई. भुवई रागावलीय.

वहिनी : डोळ्यात भुसा गेलाय. ह्यांनी ह्या होडीला कधी कुणाला खिळा ठोकू दिला नाही. आणि तू अंगठा जाईल एवढं भोक पाडून मोकळी झालीस.

टिटवी : दादाला यंत्राची गरज नव्हती. त्याच्याकडे दंड होते. तुझ्याकडे काय आहे? गुडघेदुखी आणि हट्ट.

वहिनी : दोन्ही तुझ्या भावाने दिलंय.

टिटवी : बरं, ऐक. मी वरून बोल्ट सोडते. तू खालून आधी ती जाड फळी लाव, मग वायसर, मग नट, आणि पाना घट्ट धर. फळी नसली तर नांगर वर येण्याऐवजी यंत्रच लाकडासकट खाली जाईल.

वहिनी : धरलाय पाना. काय नाव म्हणालीस ह्या यंत्राचं?

टिटवी : विंडलस. काही नाही गं त्यात. बटण दाबलं की मोटार फिरते. मोटारीवर खाचांचं चाक. खाचांत साखळीच्या कड्या बसतात, साखळी वर येते, तिच्यामागून मुकाट नांगर. जन्म गेला माझा पंख्यांच्या आणि पंपांच्या मोटारी भरण्यात. ही त्यांचीच चुलत बहीण. थांब, मोठा पाना मागे राहिला, घेऊन येते.

वहिनी : टिटवे, चालू नकोस.

टिटवी : का? काय झालं?

वहिनी : टाचा आपटत चालतेस.

टिटवी : आमच्याकडे सगळेच टाचा आपटत चालतात. आई म्हणायची, आपल्या घरात चोर शिरला तर लगेच कळेल. तोच एकटा हळू चालत असेल.

वहिनी : ठाऊक आहे मला. म्हणून तर म्हणते. इथे खाली बसून ऐकलं की... जाऊ दे. आण पाना. चप्पल घालून जा.

टिटवी : घातली, बाई. आता ऐकू येतंय?

वहिनी : येतंय. पण आता ते तुझं चालणं वाटतंय. आवळ.

टिटवी : आवळतेय. काल तुझ्या चिरंजीवांचा फोन होता मला. म्हणे, आत्या, हे खूळ तूच भरवलंस आईच्या डोक्यात.

वहिनी : त्याचं तरी काय चुकलं? बाप गेल्यापासून होडी जेट्टीला बांधलेली. बुडाला शेवाळ धरलंय. गिऱ्हाईक शोधलंय त्याने, आणि माणूस चांगला आहे म्हणतो, जपेल म्हणतो. मीच आडवी आले. मग म्हणाला, आई, एकच अट. एकटीने बेटामागच्या खाडीत जा, नांगर टाक आणि एकटीने उचलून परत ये. तसं केलंस तर विकायचं नाव काढणार नाही.

टिटवी : आणि नाही जमलं तर?

वहिनी : तर मी गप्प बसायचं. शब्द दिलाय.

टिटवी : एकटीने म्हणजे? मी होडीत बसायचं की नाही?

वहिनी : बसायचं. पण कशाला हात लावायचा नाही. आणि तोंड बंद.

टिटवी : तोंड? अगं, दादाने मला टिटवी उगाच म्हटलं का? पण चालेल. तोंडाला कुलूप लावते. निदान नेते आहेस, हे काय कमी आहे? इतकी वर्षं तुम्ही दोघांनी कधी नेलं नाहीत मला.

वहिनी : तुला होडी लागते.

टिटवी : एकदा उलटी झाली, लहानपणी, तीही शिळं खाल्लं होतं म्हणून. त्या एका उलटीवर तुम्ही दोघं जन्मभर निभावून नेलंत. दर सुट्टीला मी जेट्टीवर उभी. डबा आणायचा, हात हलवायचा, घरी जायचं.

वहिनी : डबा फार छान असायचा.

टिटवी : डब्याचं कौतुक नको. मला एवढंच सांग, काय आहे त्या खाडीत? मी काही तुमच्यात घुसून बसणार नव्हते. पण एवढं होतं तरी काय तिथे?

वहिनी : काही नाही गं. पाणी. एका बाजूला खडक, त्यावर पाणकावळे. भरतीला वारा थोडा आत येतो, बाकी शांत.

टिटवी : एवढ्यासाठी?

वहिनी : मी मागे सुकाणूपाशी बसायचे आणि हे पुढे नाळेवर, होडीच्या टोकाशी. जाताना-येताना नुसती पाठ दिसायची. नांगर टाकला, तो धरला, होडी वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली की हे पुढून मागे यायचे, ओल्या पायांनी, अनवाणी. लाकडावर टाचा वाजायच्या. मी मुद्दाम मागे वळून बसायचे, येताना बघायचं नाही असं. मग शेजारी येऊन बसायचे.

टिटवी : आणि काय म्हणायचा?

वहिनी : काही नाही. तेवढ्यासाठी जायचो. हात का थांबला तुझा? बोल्ट निसटला का?

टिटवी : नाही. डोळ्यात भुसा गेला. वरही उडतो तो.

वहिनी : माणूस जन्मभर पाण्यावर राहिला, आणि गेला कुठे? न्हाव्याच्या खुर्चीत.

टिटवी : अर्धी दाढी करून.

वहिनी : उरलेली अर्धी मी करायला लावली. न्हावी रडत होता. मी म्हटलं, करा, सावकाश करा, पण तसे नाही जाऊ द्यायची मी ह्यांना.

टिटवी : मला ठाऊक नव्हतं हे.

वहिनी : कुणाला सांगणार? चल, बसलं का तुझं यंत्र?

टिटवी : बसलं. हलवून बघ, हत्ती बांधला तरी हलायचं नाही. आता जाड केबल बॅटरीपर्यंत नेते, मध्ये ब्रेकर. मोटारीवर फार ताण आला की ब्रेकर स्वतःच पडतो, म्हणजे मोटार जळत नाही. एक बटण इथे पुढे आणि एक तुझ्या हाताशी, सुकाणूजवळ. तिथून उठायचंच नाही तुला. ये वर. साखळी काढू पेटीतून.

वहिनी : आले. सांभाळून ओढ, तिला सवय नाही परक्या हाताची.

टिटवी : परका हात म्हणे. सख्खी बहीण आहे मी त्याची... अगं, हे काय? साखळीला चिंध्या कसल्या बांधल्यात? ही एक पिवळी. पुढे ही चौकडीची. आणि तिकडे नांगराजवळ निळी.

वहिनी : खुणा आहेत त्या. साखळी किती आत आली, ते कळायला. हे ओढता ओढता पुढून ओरडायचे, पिवळी आली! मी इंजिनाने होडी थोडी पुढे घ्यायचे. चौकडी आली! आणखी थोडं. निळी आली, की समजायचं नांगर तळ सोडतोय, आता होडी सांभाळ.

टिटवी : हुशार होता हं. पण ह्या काढाव्या लागतील, वहिनी.

वहिनी : का?

टिटवी : चाकाच्या खाचेत कडी नेमकी बसावी लागते. मध्ये कापड आलं की कडी निसटणार नाहीतर अडकणार. दोरा चालत नाही त्याला, चिंधी कुठली चालायला? रंग लावू कड्यांना. पिवळा, निळा, आणि चौकडीला एक लाल एक पांढरी, आलटून पालटून. तीच खूण, तोच क्रम.

वहिनी : पिवळी आपल्या चिरंजीवांच्या दुपट्याची आहे. त्याला ठाऊकही नाही. आणि चौकडी ह्यांच्या शर्टाची, कोपरावर फाटला तेव्हाची.

टिटवी : आणि निळी?

वहिनी : माझी छत्री.

टिटवी : छत्री?

वहिनी : मी पहिल्यांदा होडीत आले तेव्हा ऊन लागेल म्हणून छत्री घेऊन आले. उघडली मात्र, वाऱ्याने उलटी. काड्या एकीकडे, कापड एकीकडे. हे सुकाणू सोडून हसत बसले. म्हणाले, शिडाच्या होडीत आणखी एक शीड घेऊन आलेली बाई मी पहिल्यांदा बघतोय. मी दोन दिवस बोलले नाही. मग पुढच्या खेपेला बघते तर त्या कापडाची पट्टी साखळीला बांधलेली. म्हणाले, तू सगळ्यांत शेवटी वर येशील, आणि तू आलीस की मला कळेल, सुटलो आता, घरी जायचं.

टिटवी : वहिनी, मी काय करू सांग. मला नाही का वाटत? पण यंत्राला माया नसते.

वहिनी : नसते. तू वायरीचं बघ. चिंध्या मी कापते. रंगही मीच देते.

टिटवी : नक्की? तिन्ही?

वहिनी : तिन्ही. जा तू खाली.

(दुसरा दिवस, सकाळ. बेटामागची खाडी. नांगर टाकून झाला आहे. वहिनी मागे सुकाणूपाशी, टिटवी पुढे नाळेवर.)

टिटवी : बोलू का एक?

वहिनी : कुलूप लावलं होतंस ना?

टिटवी : किल्ली माझ्याकडेच आहे. नांगर मस्त टाकलास, एवढंच म्हणते. साखळी सुटताना सुरुवातीला जरा अडखळली, पण गेली. नवीन आहे, होतं तसं. आता उचल, म्हणजे चिरंजीवांची अट पुरी.

वहिनी : चहा संपव आधी. किती दिवसांनी आलेय मी.

टिटवी : चहा कधीच संपला. मी खरंच सुंदर म्हणते ह्या जागेला, पण वारा वाढतोय आणि तो आपल्याला खडकांकडे ढकलतोय. भरतीही लागली.

वहिनी : तू कधीपासून वारा ओळखायला लागलीस?

टिटवी : जेट्टीवर उभं राहून राहून दुसरं काय शिकणार?

वहिनी : बरं. इंजिन चालू केलं. आता बटण दाबू?

टिटवी : आधी होडी पुढे घे, नांगराच्या दिशेने. यंत्राने होडी ओढायची नसते. आपण पुढे जायचं, साखळी सैल पडली की मग बटण. ते फक्त पडलेलं उचलतं.

वहिनी : हेही तेच सांगायचे. मदत केलीस, बोललीस, हे धरायचं का अटीत?

टिटवी : टिटवी ओरडली तर त्याला मदत म्हणत नाहीत. टिटवी ओरडतेच.

वहिनी : घेते पुढे... सैल झाली?

टिटवी : मी नाही सांगणार.

वहिनी : दिसतेय मला. दाबलं.

टिटवी : अगं, अगं, काय सुरेख आवाज आहे बघ! एकेक कडी मोजून घेतल्यासारखी. येतेय. वहिनी, पिवळी! पिवळी कडी आली! चुकले. ओरडायचं नव्हतं ना मी?

वहिनी : ओरड.

टिटवी : काय?

वहिनी : ओरड म्हटलं. मोठ्याने. मला इथून कड्यांचा रंग दिसत नाही.

टिटवी : पिवळी आली! बघ, पुढे घेतेस ना? घे. हां. आता लाल, पांढरी, लाल. चौकडी आली, वहिनी! चौकडी आली!

वहिनी : कळलं! घेतेय पुढे!

टिटवी : आता फक्त निळी. निळा रंग नीट दिलास ना? साखळी ओली आहे, दिसत नाही अजून... हे काय? थांब. थांब! बटण सोड!

वहिनी : सोडलं. काय झालं?

टिटवी : मोटार गुरगुरली आणि बंदच पडली. ब्रेकर पडला. चाकात काहीतरी... वहिनी.

वहिनी : हं.

टिटवी : ही निळी चिंधी आहे. तिन्ही कापते म्हणालीस मला! तोंडावर!

वहिनी : दोन कापल्या. तिसरीपाशी कात्री नेली आणि हात पुढे जाईना. म्हटलं, एकच तर आहे. जाईल निसटून. टाकताना गेली होती.

टिटवी : टाकताना चाक मोकळं असतं! आता मोटारीने तिला कडीत दाबून बसवलीय. नांगर तळ सोडून लोंबतोय खाली. वहिनी, आपण सरकतोय. खडक बघ.

वहिनी : बघितले. उथळ आहे तिकडे. लोंबता नांगर अडकला त्या खडकांत, तर होडी इथेच राहिली समज. मी येते पुढे.

टिटवी : मी काढते, मी इथेच तर उभी आहे!

वहिनी : हात लावायचा नाही! शब्द दिलाय मी. सरक. ब्रेकर पडलाय ना, हात घातला तर चालेल?

टिटवी : पडलाय म्हणून चालेल. एरवी कधी घालायचा नाही. लवकर. सुटतेय का?

वहिनी : गाठ ह्यांची आहे. ह्यांची गाठ कधी सुटलीय?

टिटवी : सुरी घे, ही घे.

वहिनी : नको, थांब, सुटेल, एक पदर सैल झालाय.

टिटवी : वहिनी, पाणकावळ्यांचे डोळे दिसायला लागले मला! काप!

वहिनी : नखाने येईल, थोडीच...

टिटवी : वहिनी, चिंधी राखलीस तर होडी जाईल! काय हवंय तुला?

वहिनी : ओरडू नकोस माझ्यावर! दोन्ही हवंय मला! ते हवेत मला, कळलं? चिंधी नको, होडी नको, मला माणूस हवाय माझा.

टिटवी : मलाही हवाय गं. तुझ्याशिवाय मला टिटवी म्हणणारं कोण उरलंय आता?

वहिनी : दे ती सुरी... कापली.

टिटवी : अख्खी निघाली? खाचेत तुकडा राहिला नाही ना?

वहिनी : नाही. बघ, मोकळी झाली कडी. मी मागे जाते. ब्रेकर वर केला. इंजिन पुढे... दाबते हं. टिटवे, सांग मला काही.

टिटवी : फिरतंय! फिरतंय गं! येतेय साखळी... नांगर! नांगर दिसला, चिखलाने माखलाय नुसता. आला, बसला जागेवर. वळव! वळव उजवीकडे!

वहिनी : वळवलीच आहे. बस खाली, पडशील.

टिटवी : सुटलो. बाई गं. सुटलो आपण.

वहिनी : हो. असंच म्हणायचे.

टिटवी : हात बघू तुझा. रक्त आलंय का?

वहिनी : नखच तुटलंय. चिंधी आहे मुठीत. किती विटली होती बघ, आणि मला आपली निळीच वाटत होती. सुकाणूच्या दांड्याला बांधते. इथे कुठल्या चाकात जायची नाही.

टिटवी : हे सुचलं असतं कालच, तर माझं आयुष्य थोडं वाढलं असतं. फोन लावू तुझ्या लेकाला? म्हणावं, गिऱ्हाईकाला नमस्कार कळव. आईने टाकला आणि आईनेच उचलला.

वहिनी : तू केवढी ओरडलीस ते सांगायचं नाही.

टिटवी : वाऱ्याचा आवाज होता म्हणेन. चल घरी.

वहिनी : टिटवे, डबा आणलायस ना?

टिटवी : आणलाय. सवय जाते का? का?

वहिनी : खाडीच्या आतल्या अंगाला जाऊ. तिथे वारा लागत नाही आणि खडकही लांब. परत टाकते नांगर. ह्या खेपेला अटीसाठी नाही.

टिटवी : परत? मग परत उचलायचा?

वहिनी : उचलू की. आता अडायला काय राहिलंय त्यात? तू पुढेच थांब. परत वर येईल तेव्हा चिखल धुवून घे नांगराचा.

टिटवी : आता हात लावू ना?

वहिनी : लाव. आजपासून लाव... हं, इथे ठीक आहे. सोडते. बघ नीट.

टिटवी : बघतेय. गेला नांगर. निळी... निळीला खूणच नाही आता, रंग द्यायचा राहिला. चौकडी गेली! पिवळी गेली! बास?

वहिनी : बास. आता थोडं थांबायचं. धरला की आपोआप वळते होडी... बघ, वळली. इंजिन बंद करते.

टिटवी : किती शांत झालं गं एकदम.

वहिनी : हो.

टिटवी : येऊ मागे? डबा उघडू?

वहिनी : ये. पण चप्पल काढ आधी.

टिटवी : लाकूड ओलं आहे, पाय भिजतील.

वहिनी : भिजू देत. तिथून इथपर्यंत चालत ये, नेहमीसारखी. मी पाठ करून बसते.

टिटवी : वहिनी, अगं...

वहिनी : बोलू नकोस. नुसती चालत ये.